टेम्प्लेटवरची साइट गुगलवर दिसत नाही? बिल्डर बदलण्याआधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा: तयार टेम्प्लेट (आयती मांडणी) घेऊन बिल्डरवर, म्हणजे विक्स, शॉपिफाय, स्क्वेअरस्पेस यांसारख्या साइट बनवून देणाऱ्या सेवेवर, साइट उभी केली, काही महिने उलटले, बिल्डरच्या एसईओ (शोधात साइट दिसावी म्हणून करायची कामं) चेकलिस्टमध्ये सगळ्या खुणा हिरव्या आहेत. तरीही गुगलवर फक्त होमपेज येतं आणि तेही साइटचं नाव टाकून शोधलं तरच. कुणी म्हणतं सरळ वर्डप्रेसवर जा, कुणी म्हणतं एसईओचं एखादं अ‍ॅप घ्या. करायचं काय?

दोन्ही सल्ले सध्या बाजूला ठेवा. बिल्डरवरच्या साइट गुगलला चालत नाहीत या समजाला एकेकाळी आधार होता. विक्सचे पत्ते पूर्वी हॅश आणि उद्गारचिन्ह असलेले असायचे, पानावरचा मजकूर जावास्क्रिप्ट चालल्यावर ब्राउझरमध्ये उमटायचा, आणि असे पत्ते वाचायची खास पद्धत गुगलने ऑक्टोबर २०१५ मध्ये मोडीत काढली. आता विक्सचे पत्ते साधे आहेत आणि पान सर्व्हरवरूनच तयार होऊन येतं. शॉपिफाय, स्क्वेअरस्पेस यांच्याकडेही साइटमॅप (साइटमधल्या पत्त्यांची यादी), एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी), कॅनॉनिकल टॅग (सारख्या पानांपैकी मूळ पत्ता कोणता हे सांगणारी कोडमधली खूण), मोबाइलची मांडणी हे सगळं आपोआप मिळतं.

गोम या ‘आपोआप’मध्येच आहे. टेम्प्लेटने तुमच्या नकळत कोणती पानं बनवली, कोणते पत्ते उघडे ठेवले, कोणती बटणं बंद ठेवली, हे सहसा कुणी उघडून पाहत नाही. माझ्याकडे येणाऱ्या अशा साइटवर नवं काही बसवण्यापेक्षा टेम्प्लेटने आधीच करून ठेवलेलं काढण्यात जास्त वेळ जातो.

हिरव्या खुणांवर तर अजिबात विसंबू नका. टायटलची (शोधात दिसणाऱ्या पानाच्या शीर्षकाची) चौकट भरलेली आहे का, एवढंच ती चेकलिस्ट बघते. त्यात ‘होम’ असं लिहिलंय की तुमच्या कामाचं नाव, याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं.

सुरुवात सर्च कन्सोलपासून, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनापासून करा. डोमेन जोडलेलं नसेल तर आज जोडा, बिल्डरने दिलेला साइटमॅप तिथे एकदा सादर करा आणि त्याचा विचार सोडून द्या. साइटमॅपमधल्या प्रायॉरिटीच्या आकड्यांकडे गुगल लक्ष देत नाही, त्यामुळे ते बदलत बसण्यात अर्थ नाही. मग जे पान दिसत नाही त्याचा पत्ता वरच्या यूआरएल इन्स्पेक्शनच्या पट्टीत टाका. पान इंडेक्समध्ये (गुगलच्या नोंदीत) आहे का, नसेल तर कोणत्या कारणाने नाही, आणि गुगलने त्याऐवजी दुसराच एखादा पत्ता मूळ मानलाय का, हे तिथे कळतं. पुढचं सगळं या उत्तरावर अवलंबून आहे. कारण न पाहता उपाय करणारे लोक टायटल बदलत राहतात आणि पान मात्र नोइंडेक्सवर, म्हणजे ‘हे पान शोधात घेऊ नका’ या सूचनेवर, पडून असतं.

नोइंडेक्सचं कारण निघालं तर काम सोपं. वर्डप्रेसमध्ये रीडिंग सेटिंग्जखाली सर्च इंजिनांना परावृत्त करण्याचा एक चौकोन असतो. साइट बनत असताना तो टिक केलेला असतो आणि नंतर काढायचा राहून जातो. विक्सवर पूर्ण साइटसाठीही आणि प्रत्येक पानासाठीही वेगळं बटण आहे. स्क्वेअरस्पेसवर पानाच्या एसईओ टॅबमध्ये पान शोधातून लपवण्याचा पर्याय असतो. शॉपिफायवर चाचणीच्या काळात दुकानाला पासवर्ड असतो आणि तो निघेपर्यंत गुगलला आतलं काहीच दिसत नाही. हे एकदा नीट तपासलं की झालं.

फक्त एक घोळ इथे वारंवार होतो. एखादं पान शोधातून काढायचं म्हणून लोक त्यावर नोइंडेक्स लावतात आणि खबरदारी म्हणून रोबोट्स फाइलमध्येही (सर्च इंजिनांनी कुठे जायचं नाही हे सांगणारी फाइल) त्याची वाट अडवतात. वाट अडवल्यावर गुगलला पान उघडता येत नाही, त्यामुळे त्यावरचा नोइंडेक्स वाचताही येत नाही. मग इतर कुठल्या दुव्यावरून तो पत्ता कळला, तर मजकुराविना नुसता पत्ता निकालात येऊन बसतो. दोन्हींपैकी एकच वापरा. पान काढायचं असेल तर नोइंडेक्स लावा आणि वाट मोकळी ठेवा.

आता पत्त्यांचा गोंधळ. बिल्डरवरच्या साइटचं खरं दुखणं बहुतेक वेळा इथे सापडतं, म्हणून यावर थोडं सविस्तर लिहितो.

तुम्ही स्वतःचं डोमेन जोडलंत तरी बिल्डरने सुरुवातीला दिलेला फुकटचा पत्ता जिवंत राहू शकतो. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला आणि नसलेला, हेही दोन वेगळे पत्ते. डोमेनच्या सेटिंगमध्ये एकच पत्ता मुख्य म्हणून निवडा आणि मग बाकीचे पत्ते ब्राउझरमध्ये एकेक करून टाकून पाहा. प्रत्येक वेळी वरच्या पट्टीत मुख्य पत्ता आला पाहिजे. येत नसेल तर एकच साइट गुगलसमोर दोन-तीन नावांनी उभी आहे.

शॉपिफायवर एक खास प्रकार दिसतो. तिथे प्रत्येक वस्तूला ‘प्रॉडक्ट्स’खाली एक पत्ता असतो आणि ती ज्या ज्या कलेक्शनमध्ये असेल त्या कलेक्शनमधून जाणारा आणखी एकेक पत्ता. कॅनॉनिकल टॅग सगळ्यांवर बरोबर लागलेला असतो, म्हणजे ‘मूळ पत्ता प्रॉडक्ट्सचा’ असं गुगलला सांगितलं जातं. पण बऱ्याच जुन्या थीममध्ये (शॉपिफायच्या टेम्प्लेटमध्ये) कलेक्शनच्या पानावरचे दुवे लांब पत्त्याकडेच जातात. टॅग एक सांगतो, साइटमधले सगळे दुवे दुसरंच सांगतात. कॅनॉनिकल हा गुगलसाठी आदेश नसून एक इशारा आहे, त्यामुळे बाकीचे इशारे विरुद्ध गेले तर तो डावलला जाऊ शकतो. उपाय छोटा आहे. थीमच्या कोडमध्ये वस्तूच्या दुव्यापुढे ‘विदिन कलेक्शन’ असा लिक्विड (शॉपिफायच्या थीमची भाषा) फिल्टर लावलेला असेल तो काढायचा. आधी थीमची प्रत करून ठेवा आणि बदल प्रतीवर करून पाहा. काही थीममध्ये त्या फिल्टरवर वस्तूच्या पानावरचा मार्गदर्शक पट्टा (होम, कलेक्शन, वस्तू अशी वाट दाखवणारी ओळ) अवलंबून असतो, तो बिघडला का बघा.

हे केल्यावर सर्च कन्सोलमध्ये ‘अल्टरनेट पेज विथ प्रॉपर कॅनॉनिकल टॅग’ या शीर्षकाखाली बरेच पत्ते दिसत राहतील. ते बघून घाबरू नका. ती चूक नाही, गुगलने तुमचं म्हणणं मानल्याची ती नोंद आहे. बघायचं ते ‘डुप्लिकेट, गुगल चोज डिफरंट कॅनॉनिकल दॅन यूजर’ याकडे. त्या यादीत तुमची कामाची पानं असतील तर दोन पानांवर जवळपास तोच मजकूर आहे, असं गुगलला वाटतंय. आणि पुष्कळदा ते बरोबरच असतं.

तिसरी गोष्ट बदललेल्या पत्त्यांची. टेम्प्लेटमधल्या पानाची प्रत काढून नवं पान बनवलं की पत्ता ‘कॉपी-ऑफ-अबाउट’ किंवा ‘ब्लँक-पेज-१’ असा काहीतरी होतो. नंतर लक्षात येतं, पत्ता सुधारला जातो आणि जुना तुटतो. शॉपिफायवर पत्ता बदलताना रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणं) बनवायचा चौकोन समोरच येतो, तो राहू द्या. स्क्वेअरस्पेसवर यूआरएल मॅपिंग्जमध्ये जुना पत्ता, बाण, नवा पत्ता आणि ३०१ (कायमचं वळवल्याचा संकेतांक) अशी ओळ स्वतः लिहावी लागते. रीडायरेक्ट नेहमी त्याच विषयाच्या पानावर न्या. सगळे जुने पत्ते होमपेजवर वळवायची पद्धत फार दिसते, पण गुगल असे पत्ते ‘सॉफ्ट ४०४’, म्हणजे पान नसल्यासारखे, धरून सोडून देतं. ज्या पानाला खरंच पर्याय नाही त्याला सरळ ४०४ (‘पान सापडलं नाही’) होऊ द्या, त्याने साइटचं काही बिघडत नाही.

पत्ते निस्तरले की पुढचा केर म्हणजे टेम्प्लेटबरोबर आलेली नमुन्याची पानं. गुगलमध्ये ‘साइट’ शब्द, कोलन आणि लगेच तुमचं डोमेन टाकून शोधा. जे निकाल येतील त्यांत न ओळखीची पानं आहेत का बघा: नमुन्याचे तीन ब्लॉगलेख, कुणा काल्पनिक माणसाची पोर्टफोलिओची पानं, ‘युअर टायटल हिअर’, लॅटिन भासणारा तो निरर्थक मजकूर. ही यादी पूर्ण असतेच असं नाही, पण कचरा ओळखायला पुरेशी असते. मेनूमधून पान काढलं म्हणजे ते गेलं, असं मालकांना वाटतं. तसं होत नाही. स्क्वेअरस्पेसवर ‘नॉट लिंक्ड’मध्ये टाकलेलं पान चालू असतं आणि इंडेक्सही होऊ शकतं. मेनूतून काढणं म्हणजे दुकानाच्या पाटीवरून नाव पुसणं. माल आत तसाच असतो. पान डिलीट करा. सर्च कन्सोलच्या रिमूव्हल्समधून ते तात्पुरतं लपवता येतं, साधारण सहा महिन्यांपुरतं, पण मूळ पान डिलीट केलं नसेल तर नंतर ते परत येतं.

टॅग आणि वर्गांची पानं हाही टेम्प्लेटचाच प्रसाद. प्रत्येक लेखाला दहा टॅग लावले की दहा नवी पानं तयार होतात आणि त्यांतल्या बहुतेकांवर एकच लेख असतो. टॅग कमी करा, किंवा बिल्डर परवानगी देत असेल तर त्या पानांवर नोइंडेक्स लावा. लेखकाच्या नावाचं पान, महिन्याच्या जुन्या नोंदींचं पान यांचंही तसंच.

एवढं करूनही इन्स्पेक्शनमध्ये ‘क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ येत असेल, तर सेटिंगमध्ये शोधण्यासारखं काही उरलेलं नाही. गुगलने पान पाहिलं आणि ठेवायची गरज वाटली नाही. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, मलाही सांगायला आवडत नाही. पण टेम्प्लेटचा इथे मोठा हात असतो. टेम्प्लेट बनवणारा चित्रं समोर ठेवून मांडणी करतो: मोठा फोटो, त्यावर चार शब्द, खाली तीन चौकोन, प्रत्येकात दोन ओळी. तुम्ही त्या मापातच लिहिता. मग ‘उत्तम सेवा, अनुभवी टीम, समाधानी ग्राहक’ हे शब्द जगातल्या कोणत्याही साइटवर चालतील असे होतात आणि कोणत्याच शोधाला उत्तर देत नाहीत. चौकोनांची हद्द मोडा. काम कसं करता, किती वेळ लागतो, त्यात काय येतं आणि काय येत नाही, लोक फोनवर काय विचारतात, हे लिहा. शब्दसंख्येचं लक्ष्य ठेवू नका. विचारणाऱ्याचा प्रश्न संपला की लिहिणं थांबवा.

एकपानी टेम्प्लेट घेतलं असेल तर आणखी एक पेच असतो. मेनूत ‘सेवा’, ‘दर’, ‘संपर्क’ दिसतात, पण त्यावर क्लिक केल्यावर त्याच पानावर खाली सरकायला होतं आणि पत्त्यात हॅशनंतर (#) एक शब्द येतो. गुगल हॅशनंतरचा भाग वेगळं पान धरत नाही. म्हणजे तुमच्या पाच सेवा असतील तर त्या पाचही मिळून एकाच पत्त्यावर, एकाच टायटलखाली आहेत. ज्या सेवेसाठी लोक वेगळा शोध घेतात तिला वेगळं पान द्या. होमपेजवरचा तिचा तुकडा छोटा करून तिथून नव्या पानावर दुवा टाका. ‘फक्त होमपेज येतं’ या तक्रारीमागे हे कारण मला पुन्हा पुन्हा दिसतं.

दुव्यांवरून आठवलं. ‘आणखी पाहा’ हे बटण दाबल्यावर उलगडणारी यादी असेल, तर गुगलबॉट (पानं वाचत फिरणारा गुगलचा प्रोग्रॅम) ते बटण दाबत नाही. पहिल्या बारा वस्तू किंवा लेख त्याला दिसतात, बाकीचे साइटमॅपमध्ये असले तरी त्यांच्याकडे साइटमधून एकही वाट जात नाही. पानांचे क्रमांक असलेली मांडणी बिल्डरमध्ये सहसा एका पर्यायावर मिळते, ती घ्या. याउलट, घडी घातलेल्या प्रश्नोत्तरांमधला किंवा टॅबमधला मजकूर पानाच्या कोडमध्ये आधीपासून असेल तर गुगल तो वाचतं. त्या भीतीपोटी सगळं उघडं ठेवून पान लांबवायचं कारण नाही. फोटोवर कोरलेला मजकूर मात्र टाळा. शीर्षक चित्रात नको, शब्दांत हवं.

टायटलबद्दल फार लांबण लावत नाही. बऱ्याच बिल्डरमध्ये पानाचं नाव, मेनूतलं नाव आणि शोधातलं टायटल हे आधी एकच असतं, त्यामुळे ‘अबाउट’, ‘सर्व्हिसेस’ असे टायटल जातात. प्रत्येक पानाच्या एसईओ चौकटीत वेगळं, विषय सांगणारं टायटल लिहा. ऑगस्ट २०२१ पासून गुगल निकालातलं टायटल बनवताना पानावरच्या मुख्य शीर्षकाचाही आधार घेतं, म्हणून पानावरचं मोठं शीर्षकही तसंच अर्थपूर्ण असू द्या. टेम्प्लेटमध्ये एच१ ते एच४ हे (मुख्य आणि उपशीर्षकांचे) टॅग पुष्कळदा नुसत्या अक्षरांच्या आकारासाठी वापरलेले असतात; ‘स्वागत आहे’ याला एच१ आणि खरा विषय साध्या परिच्छेदात. तेवढी अदलाबदल करा. दोन एच१ झाले म्हणून गुगल शिक्षा करत नाही, त्यावर झोप उडवू नका. मेटा कीवर्ड्सची (पानाचे शोधशब्द लिहायची) चौकट दिसली तर रिकामी सोडा. गुगल क्रमवारीसाठी ते वापरत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलं होतं. मेटा डिस्क्रिप्शनने (पानाच्या छोट्या वर्णनाने) क्रमांक वर जात नाही, पण क्लिक वाढू शकतात, म्हणून महत्त्वाच्या पानांपुरतं हाताने लिहा.

रोमन नसलेल्या लिपीत साइट असेल तर पत्त्याकडे बघा. काही बिल्डर शीर्षकातली अक्षरं गाळून निरर्थक पत्ता बनवतात. देवनागरीतला पत्ता गुगलला चालतो, पण कॉपी केल्यावर त्यातलं एकेक चिन्ह नऊ रोमन चिन्हांचं होतं. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये पत्त्याच्या या भागाला २०० चिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम बावीस चिन्हं. पत्ता आखूड ठेवा किंवा रोमनमध्ये लिहा, दोन्ही चालतं. टेम्प्लेटच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी राहिली असेल तर जरूर बदला, कारण स्क्रीन रीडर ती वाचतात. गुगल मात्र भाषा पानावरच्या मजकुरावरूनच ओळखतं.

वेगाचा मुद्दा मी मुद्दाम इतक्या उशिरा घेतला. लोक सुरुवात त्यानेच करतात आणि पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या वेग मोजणाऱ्या साधनाचा लाल आकडा बघून बिल्डरला शिव्या घालतात. तो शंभरातला आकडा एका कृत्रिम चाचणीचा असतो, गुगल क्रमवारीसाठी तो घेत नाही. घेतलं जातं ते खऱ्या वापरकर्त्यांचं मोजमाप. गेल्या २८ दिवसांचं हे मोजमाप त्याच पानावर वरच्या भागात दिसतं, आणि साइटला पुरेशी वर्दळ नसेल तर दिसतच नाही. तीन कसोट्या आहेत: मुख्य घटक २.५ सेकंदांत दिसावा, क्लिकला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा, मांडणी हलण्याचं माप ०.१ च्या आत असावं, आणि हे सगळं निदान ७५ टक्के भेटींमध्ये. यातली प्रतिसादाची कसोटी मार्च २०२४ मध्ये जुन्या कसोटीच्या जागी आली.

बिल्डरचा सर्व्हर तुम्हाला बदलता येत नाही, पण तो क्वचितच मुख्य कारण असतो. सगळ्यात वरचा स्लायडर काढून एकच स्थिर चित्र ठेवा. शीर्षक आणि फोटो हळूच उमटण्याचं अ‍ॅनिमेशन किमान पहिल्या पडद्यावर बंद करा. वरच्या चित्राला लेझी लोडिंग (चित्र जवळ आल्यावरच उतरवणं) नको, खालच्यांना असू द्या. मग चॅटची खिडकी, पॉपअप, काउंटर, सोशल मीडियाच्या पट्ट्या एकेक करून बंद करून बघा. वेगाचा मोठा भाग यांनीच खाल्लेला असतो. शॉपिफायवर जुन्या पद्धतीची अ‍ॅप काढून टाकली तरी त्यांनी थीममध्ये घातलेला कोड मागे राहतो, तो शोधून काढावा लागतो. वरून घसरत येणारी घोषणेची पट्टी मांडणी हलवते, तिची जागा आधीच राखून ठेवा.

स्कीमाबद्दल (पानावरची माहिती सर्च इंजिनला नेमकी सांगणारा कोड) एवढंच: थीम एक प्रॉडक्ट स्कीमा टाकते, रिव्ह्यूचं अ‍ॅप दुसरा टाकतं, आणि दोन्हींत किंमत वेगळी निघते. गुगलच्या रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये पत्ता टाकून बघा आणि एकच ठेवा. प्रश्नोत्तरांचा स्कीमा घालून निकालात जास्त जागा मिळवायचा जुना सल्ला आता विसरा. ऑगस्ट २०२३ मध्येच गुगलने ती सोय नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक साइटपुरता मर्यादित केला.

प्रत्येक दुरुस्तीनंतर त्या पानासाठी ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ एकदा करा. रोज तेच बटण दाबून काही होत नाही, शिवाय त्याला दिवसाची मर्यादाही आहे. परिणाम दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, आणि त्या काळात आणखी बदल करत राहिलात तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

बिल्डर सोडायची वेळ खरंच कधी येते? पत्त्यांची रचना बदलता येत नाही हे पुरेसं कारण नाही. शॉपिफायच्या पत्त्यात ‘प्रॉडक्ट्स’ शब्द कायम राहतो आणि तरी असंख्य दुकानं उत्तम दिसतात. पण पानागणिक टायटल लिहिता येत नसेल, ३०१ रीडायरेक्ट देता येत नसेल, स्वतःचं डोमेन जोडता येत नसेल किंवा अनेक भाषांच्या पानांना वेगळे पत्ते मिळत नसतील, तर जा. जाण्याआधी सर्च कन्सोलमधून गेल्या १६ महिन्यांत क्लिक मिळालेल्या पानांची यादी उतरवून घ्या. तिथून एका वेळी १००० ओळीच मिळतात, मोठी साइट असेल तर फोल्डरवार गाळून घ्या. त्या प्रत्येक जुन्या पत्त्यासमोर नवा पत्ता लिहा आणि साइट उघडण्याच्या दिवशीच रीडायरेक्ट चालू करा. ते किमान वर्षभर ठेवा. डोमेनही बदलणार असाल, तर जुन्या डोमेनचं नूतनीकरण तोवर चुकवू नका.